रोजच्या वापरासाठी

नोंदणी खात्याने पंधरा दिवसांसाठी पाठवलाय,
सोबत दोन पानी तक्ता:
वजन, बॅटरी, कीबोर्ड, पडदा.
प्रत्येकाला पाचपैकी गुण द्यायचे,
खाली चार ओळी मोकळ्या.

अचाओच्या धक्क्यावर, नेल्दाच्या दुकानात,
बटाट्यांच्या काट्यावर ठेवला.
किलोला वीस ग्रॅम कमी.
"भरतीला एक बटाटा टाकू?" नेल्दा म्हणाली.
जुना बिडाच्या तव्यासारखा होता,
अकरा वर्षांत त्याने माझा उजवा खांदा
डाव्यापेक्षा बोटभर खाली आणून ठेवला.
हा पिशवीत आहे की नाही
ते लाँच सुटेपर्यंत मी तीनदा चाचपते.
ही धास्ती कुठल्या रकान्यात लिहायची?
पाच दिले. खांद्याने दिले, मी नाही.

बॅटरी चौदा तास, असं खोक्यावर छापलंय.
पलीकडच्या बेटावर जन्म नोंदवायला बसले
तेव्हा अठ्ठ्याण्णव टक्के होती.
कुस्तोदियो म्हणाला, आइदे.
त्याची सासू म्हणाली, आमच्यात आइदे बुडून मेली.
चहा झाला. चुलीत लाकूड गेलं.
एकसष्टवर दोघं बोलेनासे झाले,
चव्वेचाळीसवर बाळाच्या आईने
आतल्या खोलीतून ओरडून सांगितलं, फिदेलिया,
आणि कुणाला विचारायचं नाही.
चार. एक कापला,
कारण चार्जर त्यांनी वजनात धरलेला नाही.

कळा उथळ, नखाएवढ्या उंचीच्या,
बोट विचार करतंय तोवर अक्षर उमटलेलं.
वेग चांगला आहे. पण यंत्र परमुलखातलं:
आमचं एक अक्षर त्यावर नाहीच,
ते 'न'च्या डोक्यावर छोटीशी लाट असलेलं.
इथे अर्धं बेट ञांकुपेल आहे.
लाट काढली की नांकुपेल उरतो,
आणि त्या नावाचं इथे
कुणी जन्मलेलं नाही, कुणी मेलेलं नाही.
तीन कळा एकदम दाबल्या की लाट येते,
हे मला शेजारच्या शाळेतल्या पोराने दाखवलं.
कीबोर्डला दोन. पोराला पाच.

पडद्याचं काय लिहू.
आरशासारखा लखलखीत, तोच त्याचा दोष.
गुरुवारी क्वचित पडतं तसं ऊन पडलं होतं,
रोसामेल ञांकुपेल होडीच्या सावलीला
उलट्या टोपलीवर बसून
भावाचा मृत्यू सांगत होता, तारीख, वेळ,
मी लिहीत होते आणि मला दिसत होती
माझीच हनुवटी, मागे दोन सीगल.
शेवटी लोकरीचा कोट काढून डोक्यावर घेतला,
जुने फोटोवाले घ्यायचे तसा.
तपासायला हवं, म्हणाला,
आणि तोही आत शिरला.
ओल्या लोकरीचा, धुराचा, माशांचा वास,
दोघांच्या श्वासांनी काच धुरकटलेली.
त्याने बाहीने पुसली.
बोट एकेका अक्षराखालून नेत
लाटेपाशी थांबला.
"आहे," म्हणाला.
मग बराच वेळ कोटाखालीच राहिला.
मीही कळ दाबली नाही.

दोन लिहिले. खोडून तीन. परत दोन.

परतताना पाऊस. लॅपटॉप स्वेटरच्या आत, पोटाशी,
अजून कोमट,
खलाशाने माझ्याकडे पाहून जागा करून दिली,
मी काही समजावत बसले नाही.

आता त्या मोकळ्या ओळी.
यंत्राला भोकं दोनच आहेत;
प्रिंटर, अंगठ्याचं यंत्र आणि चार्जर यांतलं
एक रोज उपाशी राहतं.
जुना इतक्यात परत मागू नये.
"रोजच्या वापरासाठी योग्य आहे का?"
याचं उत्तर देण्याआधी
रोज म्हणजे काय ते साहेबांनी कळवावं.
सोमवारी समुद्र खवळला म्हणून कुणीच आलं नाही.
मंगळवारी एक लग्न होतं, नवरा उशिरा आला,
तोवर करवल्यांनी त्यावर पत्ते खेळून घेतले.