बारा पाईप

पाळकसाहेबांनी तक्ता दिलाय,
महिन्याच्या शेवटच्या रविवारी भरून द्यायचा :
कोणाला साक्ष दिली, कुठे, किती वेळ.
माझा रकाना दोन महिने कोरा.
मी शमुवेल पाखरे,
घनसावंगीच्या पंचायत समितीचा पंपवाला.
लोकांना पाणी काढून देतो.
बोलायचं म्हटलं
की माझाच वॉशर कोरडा पडतो.

मंगळवारी लिंबाच्या वस्तीवर गेलो.
पंप हवा ओढत होता,
दांडा मारला की नुसता खाकरायचा.
वस्ती सगळी मोसंबीच्या तोडणीला गेलेली.
मदतीला आला एकटा रंगनाथ उढाण.
बांधापलीकडं त्याच्या सख्ख्या भावाचा बोअर,
चालू, मनगटाएवढी धार.
आणि याची बायको
नाल्यापल्याडून हंडे वाहते.
मी काही विचारलं नाही.
पंपवाल्याला सगळ्या गावांचं सगळं माहीत असतं.

पाईप उपसताना एक असतं :
एकानं धरायचं, एकानं पान्हा फिरवायचा.
खाली शंभर फूट लोखंड लोंबकळतंय,
धरलेला माणूस उठून जाऊ शकत नाही,
फिरवणाराही नाही.

चौथ्या पाईपला तो म्हणाला,
"तुमच्यात म्हणं भाऊबंदकी नसती?"
पान्हा निसटला. बोटाची साल गेली.
"कोण म्हणलं?"

मग सांगितलं.
अमोस, माझा थोरला. अकरा वर्षं बोलणं बंद.
बाबांच्या फंडाचे पैसे आणि एक शिलाई मशीन.
पैसे केव्हाच संपले, मशीन गंजलं,
राग तेवढा रोज तेल घातल्यासारखा चालायचा.
अन् मी दर रविवारी पहिल्या बाकावर.

एकदा प्रभुभोजनाचं ताट समोर आलं.
भाकरीचा तुकडा, नखाएवढा.
हात पुढं गेला, तिथंच राहिला.
आवाज आला नाही. उजेड पडला नाही.
इतकंच कळलं,
हे माझ्या घशाखाली उतरणार नाही.
ताट पुढं सरकवलं. बायकोनं बघितलं.
चपला घातल्या,
परतूरची गाडी धरली, तिथून सेलू.

अमोस अंगणात बाज विणत होता.
ये म्हणाला नाही, जा म्हणाला नाही.
केस पार पांढरे झालेले,
मला कोणी सांगितलंच नव्हतं.
मी फाटकात उभा,
पाठ केलेलं एक वाक्य तोंडात, तेही विसरलो.
त्यानं सुतळीचं टोक माझ्याकडं फेकलं.
"धर," म्हणाला.
धरलं.

"आता तुम्ही म्हणाल, यात देव कुठं आला.
खोटं कशाला बोलू रंगनाथभाऊ,
माझा प्रभू त्या सुतळीत होता.
तिच्या ताणात.
मला दुसरं काही सिद्ध करता येणार नाही."

रंगनाथ गप्प.
नववा पाईप. दहावा.
एक होला येऊन हौदाच्या कडेवर बसला,
कोरडा हौद बघून उडून गेला.
बाराव्याच्या खाली सिलिंडर,
आत वॉशर चिंधीसारखा फाटलेला.
नवा घातला, पुन्हा सगळं खाली सोडलं,
एकेक, उलट्या क्रमानं,
आता दोघंही न बोलता.

आधी गंज आला, लाल.
मग गढूळ. मग पाणी.
त्यानं ओंजळ धरली, प्याला, तोंडावर मारलं,
अन् टॉवेलाआडून विचारलं,
"बाज झाली का मंग पुरी?"
"नाही. अंधार पडला. पायथा राहिला."
"मंग?"
"परत जावं लागलं."
"हं."
बांधाकडं त्यानं बघितलं नाही.
मी बघितलं.

आता तक्ता पुढ्यात घेऊन बसलोय,
बोटाला चिंधी.
'कोणाला' मध्ये त्याचं नाव लिहिलं
तर त्याचं घरचं मी चव्हाट्यावर मांडीन.
'काय फळ मिळालं' हा रकाना
माझ्या हद्दीतला नाही.
राहिलं 'किती वेळ'.
घड्याळ मी खिशात ठेवलं होतं.
पाळकसाहेब,
बारा पाईप वर, बारा पाईप खाली,
असं लिहिलं तर चालेल का?