गोळीबार चौक, नवतपा

नवतप्याचा चौथा दिवस. पारा सेहेचाळीसवर.
चौकात चिटपाखरू नाही.
रसवंतीवाल्याचा पोट्टा चरकाखालच्या सावलीत
गोणपाट पसरून आडवा झालेला.

मी आतल्या खोलीत, बनियनवर,
दीड इंची पाइप मांड्यांत दाबून
आरीपात्याने कापतोय.
पांढरा भुसा घामाला चिकटतो,
कुलर तो उडवत नाही, फक्त ओला करतो.

"कोणासाठी?" कुमुद विचारते.
"पलाशसाठी."
"पलाश तर परतवाड्याला गेला, आजोळी."
"येईल ना जूनमध्ये."
ती पन्ह्याचा गिलास फरशीवर ठेवते, जरा जोरातच.
बेचाळीस वर्षांचा माणूस
आणि फोमची गोळी मारायची बंदूक.

वीस वर्षं इतवारीत मी हेच विकतो,
एल्बो, टी, रिड्यूसर, एंडकॅप.
गिऱ्हाइकाला नळीत पाणी दिसतं, मलाही तेच दिसायचं.
परवा दुकान बंद करताना
हातातल्या तुकड्यात सहज फुंकर मारली
आणि पहिल्यांदा
नळीत हवा दिसली.

तर असं:
मोठ्या नळीत दट्ट्या, दट्ट्याला ओ-रिंग, ओ-रिंगला व्हॅसलिन.
दट्ट्यामागे स्प्रिंग,
भंगारात निघालेल्या लुनाच्या सीटखालची.
पुढे अर्ध्या इंचाची नळी, गोळीच्या मापाची.
घोड्यासाठी भाजी चिरायच्या प्लास्टिकच्या पाटाचा कोपरा
(कुमुदला अजून कळलेलं नाही).
पुढची मूठ मागे ओढली की स्प्रिंग दबते,
घोडा सोडला की सुटते.
सांगायला एवढंच आहे.
करायला तीन दुपारी गेल्या.

पहिला बार: फुस्स.
गोळी नळीच्या तोंडातून डोकावली,
विचार केला,
आणि माझ्याच अंगठ्यावर पडली.

मग गिऱ्हाइकाला सांगतो तसं स्वतःला सांगितलं,
साबणाचा फेस लावून बघा भाऊ.
रिड्यूसरच्या सांध्यावर एक बुडबुडा
हळूहळू मोठा झाला, मोहरीएवढा, वाटाण्याएवढा.
माझीच सांधणी. माझाच आळस.
पुन्हा घासलं, पुन्हा चिकटवलं, रात्रभर ठेवलं.

मूठ मात्र घामाने सटकायची.
माळ्यावरच्या पेटीत बाबांचा धोटा आहे,
शिसवी, दोन्ही टोकांना लोखंडी टोप्या.
काढला. मापून पाहिला. बरोब्बर बसत होता.
परत ठेवला.
सायकलच्या हँडलचं रबर चढवलं.

आज मूठ ओढली. खट्.
पुढे ढकलली. खटक्.
खट्, खटक्. खट्, खटक्.
पलीकडच्या खोलीतून बाबा ओरडले,
तीस वर्षांच्या ठोक्यांनी ज्यांचे कान गेले,
ज्यांना दारावरची बेल ऐकू येत नाही, ते बाबा:
"कोणाचा माग सुरू झाला बे?"

आमच्या गल्लीत माग वाजून
अकरा वर्षं झाली.
काय सांगणार. मी पुन्हा ओढली.
"अडकून राह्यला तो," ते म्हणाले,
"येताना अडकते, जाताना नाही. मेण लाव."

मी मेणबत्तीचं टोक पाइपावर घासलं.
येताना अडकत होतं, खरंच.
आता सरकलं, लोण्यातून सुरी गेल्यासारखं,
जवळजवळ आवाज न करता.
पलीकडे बाबांनी थोडा वेळ वाट पाहिली असावी.
मग कूस बदलल्याची खाट वाजली.

दार उघडलं. झळ तोंडावर आली.
चौकाच्या पलीकडे रसवंतीचा निळा ड्रम.
ओढली, ढकलली, श्वास धरला,
सोडली.

ड्रमवर टप्प.
पोट्टा दचकून उठला, आधी आभाळाकडे पाहिलं,
मग जमिनीकडे.
केशरी गोळी उचलली, दाबून पाहिली, वास घेतला,
विडीसारखी कानावर खोचली
आणि परत झोपला.