डाऊनला काही नाही

नावड्याच्या फाटकापासून तळोज्याकडे
चारपाचशे पावलं चाललं की एक वळण लागतं.
तिथे रूळ एक खांदा पाडून झुकतात
आणि पौषात, साडेचार ते पावणेपाच,
एवढाच वेळ ऊन बरोबर
इंजिनाच्या तोंडावर पडतं.
मग खारघरचा डोंगर ते काढून घेतो.

मला हवं होतं कल्याण शेडचं एक जुनं डिझेल,
नंबराच्या शेवटी दोन सत्ते,
डाव्या बफरच्या वर ओंजळीएवढा पोचा.
पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी सात फोटो काढले,
सातही काळे.
लेन्सवर टोपी होती.

तेव्हापासून तीन हिवाळे.
फर्स्ट शिफ्ट तीनला सुटते.
हाताला लॅबमधल्या ॲसिडचा वास, डब्यात गूळपोळी,
आणि फाटकावरच्या केणींना रोजचा प्रश्न.
ते खिडकीतून न बघताच सांगतात,
डाऊनला काही नाही.

काही नाही म्हणजे
न्हाव्याशेव्याचे कंटेनर, गॅसचे टँकर,
कोळसा उतरवून खडखडत परतणारे रिकामे डबे,
एकदा तर नुसती ट्रॉली,
तिच्यावर छत्री धरून बसलेला साहेब.
त्याने मला नमस्कार केला.
तोही फोटो हलला.

लोक म्हणतात, केवढा धीर आहे तुझ्यात.
धीर कसला?
घरी जाऊन तरी काय, हे ठरत नाही
तोवर सिग्नल पिवळा होतो
आणि पाय तिथेच राहतात.

रुळांच्या अलीकडे गोमीबाई मढवी गवत कापते.
दुसऱ्या हिवाळ्यात तिने विळा थांबवून विचारलं,
कनाची वाट बगतंस गो?
एका इंजिनाची, म्हटलं.
तिने खडीवर पान थुंकून विचार केला.
त्याला ठाव हाय का?

मग तो मंगळवार.
केणी खिडकीत नव्हते, बाहेर आले होते,
हिरवं निशाण काखेत तसंच गुंडाळलेलं.
येतंय तुमचं, म्हणाले,
पण मेलेलं. मालगाडीच्या शेपटीला बांधून नेतायत.
भंगारात असेल.

चार एकेचाळीस.
ऊन असं, जसं मागून घेतलेलं.
तारेवर खंड्या. वारा पडलेला.
पाचशेचा शटर, टोपी खिशात, दोनदा चाचपून पाहिली.
दिव्याच्या बाजूने मालगाडी वळणात शिरली
आणि त्याच क्षणी पनवेलकडून,
अपला,
कंटेनर.

पंचेचाळीस डबे, माझ्या आणि तिच्या मध्ये.
निळी भिंत, तांबडी भिंत, चिनी अक्षरांची भिंत.
मी बटण दाबून धरलं,
कुणाच्या तरी दारावर हात आपटावा तसं.
भिंत संपली तेव्हा पलीकडे
खडीवर धूळ खाली बसत होती.

रात्री एकतीस फोटो पाहिले.
तीस कंटेनरचे.
एकात, का कोण जाणे, एक डबा रिकामा गेला होता,
त्याच्या सपाट पाठीवरून पलीकडे
अर्धं कपाळ, पोचा,
आणि एकच सत्ता, तोही धूसर.
कारण कॅमेऱ्याने धरलं होतं दुसरंच काही.
अगदी पुढे, कोपऱ्यातून आत आलेला
गोमीबाईचा हात.
बोटांना गवताचा हिरवा रस, मनगटावर एक बांगडी,
नखातली मातीसुद्धा दिसते.
ती मला दाखवत होती,
आला गो तुजा, तो बग.
तेव्हा मला ऐकूच आलं नव्हतं.

प्रिंट नेऊन दिली.
तिने इंजिनाकडे पाहिलंही नाही.
ही बांगडी, म्हणाली,
त्याच सांजेला फुटली.
आणि पुन्हा वाकली.

दोन सत्ते आता कुठे कापले गेले असतील
मला माहीत नाही.
आज केणींची सुट्टी. खिडकीत नवा पोरगा आहे,
मोबाइलमधून मान वर न काढता सांगतो,
डाऊनला काही नाही.
साडेचार व्हायला अजून नऊ मिनिटं.
मी टोपी काढून ठेवते.