तारीख मागे नेताना

कुल्डीगात नोव्हेंबरात चार वाजताच दिवस मिटतो.
झैगाने दिवा लावला, दार लोटलं
आणि जुनी ऑपरेटिंग सिस्टिम
पुन्हा उतरवायला घेतली,
पाच जीबी आणि वर थोडं,
मुंगीच्या पावलांनी.

तशी ती चालते आहे अजून
भरतकामाच्या यंत्राशेजारी.
यंत्राला दुसऱ्या कुणाचं बोलणं कळत नाही.
नवीन घ्या, म्हणतो कंपनीचा माणूस,
आणि किंमत सांगताना आवाज खाली आणतो,
आजाऱ्याच्या खोलीत बोलावं तसा.

पण डिस्क हल्ली रात्रीची कुरकुरते.
म्हणून एक प्रत असावी हाताशी.
मेणबत्त्या असतात, काड्यापेटी असते, तशी.

सत्त्याण्णव टक्क्यांवर वीस मिनिटं अडलं.
तेवढ्यात तिने गायनमंडळाच्या झेंड्याची
उसवलेली कडा टाचायला घेतली.
मग पूर्ण. मग उघडायला गेली, तर
ही प्रत बिघडलेली आहे.
पुन्हा उतरवली. पुन्हा बिघडलेली.

कॉर्कहून भाचा हसला फोनवर,
मागे हॉटेलातल्या भांड्यांचा खणखणाट.
"बिघडलं काही नाही, मावशी.
सहीची मुदत संपलीय फक्त.
नेट काढ. तारीख मागे ने.
दोन हजार सोळा सांग त्याला,
ते विश्वास ठेवतं."

झैगाने कधी स्वतःचं वयसुद्धा चोरलं नव्हतं.
तिने वायर उपटली, आकडे भरले:
एक मार्च, सोळा.
वार त्याने आपणहून सांगितला. मंगळवार.

मंगळवारी गिर्त्स इथेच असायचा,
या स्टुलावर, शाळेचे बूट न काढता
रिळं लावत बसायचा,
नावडता रंग सगळ्यात खाली.
समोर ऑस्त्राची बेकरी उघडी.
आणि सुईत दोरा
पहिल्या झटक्यात.

चाळीस मिनिटं
टेबलावरचा तेवढा चौकोन सोळा साली होता,
बाकी खोली इथेच.
ती दोन्हीकडे बघत चहा प्यायली.

पेनड्राइव्ह तयार झाला.
त्याला चिकटपट्टी लावून तिने लिहिलं,
'आधी तारीख मागे न्यावी',
आणि बटणांच्या डब्यात टाकला,
हाडाच्या बटणांच्या खाली.

वायर जोडली.
घड्याळ एका उडीत आजवर आलं,
मधल्या वर्षांबद्दल
चकार शब्द न काढता.

झेंड्याची कडा राहिली होती.
दोरा चौथ्या खेपेला गेला.