शिबोलेथ

बारावीच्या फळ्यावर मी लिहिते: शिबोलेथ.
मूळ हिब्रू. अर्थ, धान्याचं कणीस.
मागच्या बाकावरची निंगव्वा पुटपुटते, "तेनि."
हो, तेच.

यार्देनच्या उतारावर पहारा होता.
पळून आलेल्याला म्हणायला लावत: म्हण, शिबोलेथ.
ज्याच्या जिभेला 'श' नव्हता,
जो 'सिबोलेथ' म्हणाला, त्याला तिथंच कापला.
तेव्हापासून हा शब्द म्हणजे
जिभेवरून माणूस ओळखायची खूण.
हल्ली घासून गुळगुळीत झालेल्या घोषणेलाही
हेच म्हणतात. लिहून घ्या, परीक्षेला येतं.

परीक्षेला येत नाही ते असं:
बंदचा दिवस. संकेश्वरचा पूल.
सायकलवर मिरचीचं पोतं, आणि माझे आप्पा,
भरमाण्णा चौगुले.
पोरांनी हँडल धरलं.
कुठली पोरं, ते आप्पांनी कधी सांगितलं नाही.
"जिल्ह्याचं नाव सांग."

यार्देनला फरक पहिल्या अक्षरात होता,
आमच्याकडं शेवटच्या वेलांटीत.
बेळगाव की बेळगावी.

आप्पा जन्माचे तोतरे.
बे, म्हणाले. बे. बेळ. बे.
पुन्हा बेळ.
'गा'पर्यंत पोचायला इतका वेळ लागला
की एक पोरगं हसलं,
दुसऱ्याला मिरचीच्या शिंका सुटल्या,
आणि हँडलही सुटलं.

घरी येऊन पाटावर बसले.
"भाकरी," म्हणाले, एका दमात.
आईनं विचारलं, एवढा उशीर?

"बोलत हुतो."