सरायवाली

सायकल-दुरुस्तीच्या दुकानावरच्या माळ्यात आम्ही जमायचो,
दर गुरुवारी, सहा वाजता, ओउलू शहरात.
खाली वेइक्कोने टांगून ठेवलेली चाकं,
वर ग्रीसचा वास, एक हीटर, पाच खुर्च्या
आणि टेबलावर मी पसरलेलं राज्य:
दोन नद्या, एक शापित घाट,
घाटाच्या पायथ्याशी एक सराय.

सरायवालीचं नाव मी आउने ठेवलं होतं.
तिच्याकडे रश्शाचं भांडं होतं
आणि घाटापलीकडे गेलेल्या मुलाची गोष्ट.
ती गोष्ट मी दोन रात्री जागून लिहिली.
तेउवोने तिला तिसऱ्या वाक्याला मारलं.
"माझं पात्रच तसं आहे," म्हणाला,
आणि फासा टाकला. वीस पडले.
सगळे हसले.
मीही हसले. हेही लिहून ठेवते.

पुढच्या गुरुवारी त्याने सोबत्यांच्याच थैल्या कापल्या.
त्याच्या पुढच्या गुरुवारी सान्नीचं बोलणं तोडलं,
सात वेळा. पुठ्ठ्याच्या आडोशामागे
मी पेन्सिलीने रेघा ओढत मोजत होते.
आन्तेरो घड्याळ बघायला शिकला.
आणि ऊना नकाशा काढायची,
इतका बारीक, की विहिरींना झाकणंसुद्धा.
शाळेतल्यासारखं बोट वर करायची,
मग तेच बोट, जणू त्यासाठीच निघालं होतं,
कॉफीच्या कपाकडे वळवायची.

आणि मी?
मी त्याच्यावर वीज पाडली.
वाटेत खड्डा खणला, शाप दिला, तलवार बोथट केली.
आभाळातून शिक्षा करणं सोपं,
टेबलापलीकडे बघून "पुरे" म्हणणं जड.
त्याला तर मजाच आली.
खेळ आता त्याचा आणि माझा,
बाकीचे तिघे लिंबूटिंबू.

जानेवारीत एकदा म्हणाले, इतरांनाही बोलू दे.
"अगदी," तो म्हणाला. चाळीस मिनिटं टिकलं.
भीड भिकेची बहीण म्हणतात;
माझी तर पाच महिने त्या माळ्यावर
वेलदोड्याचे पाव खात बसली होती.

मग त्या रात्री, बाहेर, उणे बावीस.
त्याच्या सायकलचं कुलूप गोठलेलं,
तो लायटर धरून वाकलेला.
मी घरून तीन वाक्यं पाठ करून आणली होती,
समजूतदार, गोल कडांची.
तोंडून आलं ते एवढंच:
तेउवो, पुढच्या गुरुवारी येऊ नकोस.

लायटर विझला. त्याने परत पेटवला.
"आउनेमुळे?" त्याने विचारलं.

त्याला नाव आठवत असेल असं वाटलं नव्हतं.
नाही, मी म्हणाले. मग म्हणाले, तिच्यापासून.
कुलूप सुटलं. बर्फावरून त्याचा लाल दिवा
पुलापर्यंत दिसत राहिला, मग पुलाचे दिवे दिसले.

पुढच्या गुरुवारी केवढी शांतता!
हीटर टकटक करायचा, तो आवाज कधी ऐकलाच नव्हता.
खरं सांगते, मला त्याची आठवण आली.
माझी गोष्ट जिथे जिथे लंगडायची
तिथे तिथे तो कुणाला तरी मारायचा,
आणि मी हताश चेहरा करून
त्याच्या गोंधळाआड लपायचे.

सान्नीने आन्तेरोकडे बघितलं, आन्तेरोने पावाकडे.
ऊनाचं बोट वर गेलं, खाली आलं, परत वर गेलं.
"ती सराय," ती म्हणाली. आवाज घोगरा, न वापरलेला.
"तिथे आता कोण राहतं?"

माझ्या वहीत काही नव्हतं.
टेबलाच्या कडेला तेउवोचा फासा राहून गेलेला,
वीस बाजूंचा, एक कोपरा टवका उडालेला.
ऊनाने तो उचलला, कुणाला विचारलं नाही, टाकला.
चार.

"चारला काय होतं?"

चारला, मी म्हणाले,
आणि खरंच मला ठाऊक नव्हतं पुढे काय,
चारला दार उघडतं.
पण कुरकुरतं.
आतल्या कुणाला तरी कळतं, तू आली आहेस.