उलटी बाजू

इरेशम शेठनं टेबलावर ठेवला
कुठल्याशा परदेशी कॅलेंडरचा फाटका कागद.
म्हणाला, म्याकल, याचं वॉलहँगिंग करायचंय,
रंग पाच. सहावा मागू नको.

चित्रात एक किनारा.
वाळूवर ओढून ठेवलेल्या दोन होड्या,
पाठमोरी बाई, डोक्याला रुमाल,
आणि तिची सावली
तिच्या चौपट लांब, पाण्याच्या अलीकडे जराशी थांबलेली.
खाली बारीक अक्षरं. मला लागले ते आकडेच:
अठराशे ब्याऐंशी.
शेठचा पोरगा मोबाइलमध्ये बघून म्हणाला,
डेन्मार्ककडचं आहे. रात्रीचे दहा वाजलेत चित्रात.

रात्रीचे दहा!
आमच्या अशोक चौकात रात्री दहाला
मागांचा खडखडाट असतो
आणि चहाच्या गाड्यावरचा एक बल्ब.
मे महिन्यात भर दुपारी सावली चपलेएवढी होते,
तीही पायाखालून बाहेर यायला भिते.
मी समुद्र पाहिलेला नाही.
हिप्परग्याचा तलाव पाहिलाय,
आटलेला, भरलेला, दोन्ही.

ग्राफ मांडला.
वाळूला बदामी, आभाळाला पिवळा,
होड्यांना विटकरी, पाण्याला निळा,
सावलीला काळा.
पहिला नमुना मागावरून उतरला तर
बाईच्या पायाशी कुणी डांबर सांडल्यासारखं.

मेहुणा पोस्टाची तिकिटं जमवतो,
त्याचं भिंग आणलं.
कागदाला नाक लावून बसलो तेव्हा कळलं,
सावलीत काळा नाहीच.
निळा आहे, निळ्यात जांभळं काहीतरी,
आणि खालची वाळूसुद्धा आहे,
ओल्या फडक्याखाली फरशी दिसते तशी.
त्या माणसानं अंधार काढलाच नव्हता.
उजेडच थोडा कमी दिला होता,
माप ठेवून,
महिनाअखेरीला तेल घालतात तसा.

काळी कांडी बाजूला ठेवली.
बदामीचे दोन धागे सोडले, निळ्याचा एक उचलला,
मध्येच विटकरीचा एखादा, चोरून.
दहा दिवस. चौदाशे कार्डं.
नागमणी विड्या वळता वळता म्हणाली,
तिचं तोंड कुठंय?
म्हटलं, मूळ चित्रातच नाही.
मग होडी मोजतीय ती, नागमणी म्हणाली,
एक कमी आली असणार.
आणि दातानं दोरा तोडला.

शेठ खूश.
सावलीपेक्षा
एका रंगाचं सूत वाचलं म्हणून.

गठ्ठा बांधताना पोऱ्यानं एक नग
पालथा टाकला.
तिथं आभाळ गडद, समुद्र पिवळा,
बाई विझलेली
आणि तिच्या पायापासून निघालेली
उजेडाची एक लांब पट्टी.
जे मी तिकडे सोडलं होतं
ते सगळं इकडे येऊन बसलेलं,
धागा न् धागा.
शेठ म्हणाला, उलटी बाजू भिंतीकडं जाते,
तिला कोण बघतंय? बांध.

एका नगाची कड फसली होती,
तो मी घरी आणला.
भिंतीवर लावला नाही, भिंतीला पोपडे.
नागमणी तो भिजवून
विडीच्या पानांवर झाकते.
कोणती बाजू वर, याचा नेम नसतो.

आज सकाळी सावली वर होती.
पिळूनही निथळत होती,
आणि फरशीवरून ओघळ
उंबऱ्यापर्यंत गेला होता.